नवा सर्व्हर उभारताना सुटे भाग एकमेकांशी जुळेनात, तर काय तपासावे

आपल्या इंदूरच्या मंडळाचा नवा सर्व्हर आता ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत रीतसर चालू आहे. पण सगळे भाग हाती आल्यापासून तो प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत पाच आठवडे गेले, आणि या काळात आम्हाला खराब भाग एकही सापडला नाही. प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, हार्ड डिस्का उत्तम, तरी यंत्र चालेना. वधूवर सूचक विभाग सांभाळणाऱ्या मावशींना आम्ही हे समजावून सांगत होतो, तर त्या म्हणाल्या, "दोन्ही स्थळं चांगली, पत्रिका जुळत नाही, असंच ना?" अगदी तसेच. इतर गावांतल्या मंडळांकडूनही अलीकडे याबद्दल विचारणा होते, म्हणून आम्ही काय तपासले आणि कोणत्या क्रमाने तपासायला हवे होते, ते इथे नोंदवून ठेवत आहोत.

सर्व्हर कशासाठी, हे आधी सांगायला हवे, कारण घाई कुठे करायची नाही हे त्यावरून ठरते. व्याख्यानमालेच्या जुन्या कॅसेट, नाट्यप्रयोगांच्या चित्रफिती आणि स्मरणिकांचे स्कॅन मिळून आपल्याकडे सुमारे तीन टेराबाइट सामग्री आहे. ती एका जुन्या संगणकात दोन डिस्कांवर होती आणि त्यातली एक डिस्क बंद पडली. मूळ कॅसेटपैकी बऱ्याच जणींना बुरशी लागलेली असल्याने त्या पुन्हा वाजवता येणार नाहीत. म्हणजे जे काही आहे ते उरलेल्या एका डिस्कवर. ती डिस्क काढून एका डब्यात ठेवली, डब्यावर "नव्या यंत्राला लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली आणि डबा कपाटात कुलपात ठेवला. पुढचे सर्व प्रयोग रिकाम्या डिस्कांवर झाले. दुसऱ्या कोणी हे काम हाती घेतले, तर पहिली पायरी हीच असावी.

किमान यंत्रापासून सुरुवात

आम्ही पहिल्या दिवशी सगळे भाग एकदम जोडले, बटण दाबले, पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. आठ भाग जोडलेले असताना दोष कुठे आहे हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून सगळे काढून मदरबोर्ड, एक प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि पॉवर सप्लाय, एवढेच ठेवावे. कार्ड नको, डिस्क नको. एवढे यंत्र चालले की एकेक भाग वाढवत जायचा आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद करायची. कोणती पट्टी कोणत्या खाचेत होती, काय दिसले, किती वेळा बीप वाजला, हे सगळे लिहायचे. वही कंटाळवाणी वाटते, पण दोन-तीन स्वयंसेवक आलटून पालटून येतात तिथे वहीवाचून चालत नाही. आम्ही एकच पट्टी तीन वेगवेगळ्या संध्याकाळी तीन जणांनी तपासली होती.

बोर्ड पेटीत बसवण्याआधी टेबलावर, पुठ्ठ्यावर ठेवून चालवून पाहावा. पेटीच्या तळाशी बोर्डाला आधार देणारे पितळी खांब असतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा खांब राहिला, तर तो मागच्या बाजूने टेकून शॉर्ट होतो. असा बोर्ड टेबलावर चालतो आणि पेटीत मरतो. हे लक्षण दिसले की आधी खांब मोजावेत.

पडदा काळा असण्याचे एक साधे कारणही असते. झिऑनच्या ई-५ मालिकेत ग्राफिक्स नसते, चित्र मदरबोर्डावरच्या व्हीजीए जोडणीतून येते. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड घातले, तर चित्र कोणत्या तोंडातून येईल हे बायोसमधल्या निवडीवर ठरते. आम्ही अर्धा तास चुकीच्या तोंडाला मॉनिटर लावून बसलो होतो.

सर्व्हरच्या बोर्डावर बहुधा देखरेखीची एक स्वतंत्र चिप असते. यंत्र बंद असले तरी वायर लावलेली असेल तर ती जागी असते, तिला स्वतःची नेटवर्क जोडणी असते आणि ती घटनांची यादी ठेवते. यंत्र सुरूच होत नसेल तेव्हा दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून ही यादी वाचावी. रॅमची कोणती खाच नाकारली गेली, कोणता व्होल्टेज खाली आला, हे त्यात थेट लिहिलेले सापडते. हे आम्हाला दुसऱ्या आठवड्यात कळले.

प्रोसेसर: खाच तीच, तरी ओळख नाही

आमचा बोर्ड जुन्या बाजारातला, एलजीए २०११-३ खाचेचा. या खाचेत २०१४ साली आलेले ई-५ व्ही-३ प्रोसेसर बसतात आणि २०१६ साली आलेले व्ही-४ देखील बसतात. पण बोर्ड व्ही-३च्या काळात तयार झालेला असेल आणि त्याचे बायोस तेव्हापासून बदललेले नसेल, तर व्ही-४ प्रोसेसर त्याला ओळखूच येत नाही. खाचेचे माप जुळणे आणि बायोसला प्रोसेसर माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देखरेखीच्या चिपमधून बायोस बदलण्याची सोय काही बोर्डांत असते, ती नसेल तर कोणाकडून तरी व्ही-३ प्रोसेसर तासाभरासाठी उसना आणावा लागतो. बायोस बदलत असताना वीज जाता कामा नये. आम्ही हे काम यूपीएसवर केले, आणि तेही संध्याकाळच्या वादळाची वेळ टाळून.

उलट प्रकारही घडतो. एलजीए ११५१ ही खाच इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीलाही आहे आणि आठव्या-नवव्या पिढीलाही, परंतु दोहोंना चिपसेट वेगळे लागतात. इथे कोणतेही अधिकृत बायोस उपयोगी पडत नाही, बोर्डच बदलावा लागतो.

एलजीए २०११-३चा आणखी एक गमतीशीर त्रास म्हणजे पंख्याची चौकट. प्रोसेसर दाबून धरणारी चौकट या खाचेला दोन आकारांत येते, चौरस आणि अरुंद. प्रोसेसर दोन्हींत तोच बसतो, पण कूलरच्या स्क्रूंची भोके वेगळी असतात. आम्ही मागवलेला कूलर चौरस चौकटीचा होता, बोर्ड अरुंद. परत पाठवणे, नवा येणे, आठ दिवस गेले.

रॅम

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण मदत करणारे लोक रॅमच आणून देतात. एका सभासदांनी आपल्या घरच्या संगणकातल्या डीडीआर-४च्या चार पट्ट्या मोठ्या मनाने दिल्या. त्या खाचेत टच्‌कन बसल्या आणि यंत्र एक शब्द बोलेना.

डीडीआर-४च्या घरगुती पट्ट्या आणि सर्व्हरच्या पट्ट्या यांना पिना तितक्याच, २८८, आणि मधली खाचही एकाच जागी. म्हणून त्या बसतात. पण घरगुती पट्टी ही विनारजिस्टरची, आणि आमच्या बोर्डाला लागते ती रजिस्टर असलेली. अशा पट्टीवर मधोमध एक जास्तीची चिप असते, ती पत्त्याचे आणि आज्ञेचे संकेत स्वतःकडे घेऊन पुढे देते. ही दोन कुळे एका बोर्डावर एकत्र नांदत नाहीत आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. शिवाय लोड-रिड्यूस्ड असे तिसरे कूळ आहे, तेही साध्या रजिस्टरवाल्या पट्टीबरोबर मिसळू नये. डीडीआर-५मध्ये ही चूक करता येत नाही. तिथे रजिस्टरवाल्या आणि विनारजिस्टरच्या पट्टीची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवली आहे.

ईसीसी हा शब्द वेगळा आहे, त्याची रजिस्टरशी गल्लत करू नये. ईसीसी म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय, आणि ती विनारजिस्टरच्या पट्टीतही असू शकते. लहान सर्व्हरांना नेमकी तीच लागते, म्हणजे ईसीसी आहे पण रजिस्टर नाही, अशी. दुकानदार "सर्व्हरची रॅम" एवढेच म्हणाला तर समाधान मानू नका. पट्टीवरच्या लेबलात पीसी-४ नंतरच्या आकड्यांपुढे एक अक्षर असते. आर असेल तर रजिस्टरवाली, यू असेल तर विनारजिस्टरची, ई असेल तर विनारजिस्टरची पण ईसीसी असलेली, एल असेल तर लोड-रिड्यूस्ड.

योग्य पट्ट्या आल्यावरही आमच्या चारपैकी तीनच दिसत होत्या. पट्ट्या कोणत्या क्रमाने भरायच्या ते बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तो क्रम डावीकडून उजवीकडे असेलच असे नाही. क्रम बरोबर होता, मग पट्ट्यांची अदलाबदल केली. तरी तीच खाच रिकामी दिसली, म्हणजे दोष पट्टीत नव्हता. प्रोसेसर काढून पाहिला तर त्याच्या तळाच्या एका संपर्कबिंदूवर थर्मल पेस्टचा ठिपका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर चौथी पट्टी आली. रॅमची एखादी वाहिनी गायब असेल, तर प्रोसेसरची बैठक आणि खाचेतल्या वाकलेल्या पिना पाहायला विसरू नये.

सर्व दिसू लागल्यावर मेमटेस्ट८६+ हा मोफत तपासणी कार्यक्रम एक पूर्ण रात्र चालवावा. त्याच्या जुन्या, पाचव्या मालिकेच्या आवृत्त्या यूईएफआयमध्ये सुरू होत नाहीत, सहावी किंवा नंतरची घ्यावी. एकही चूक आली तरी ती पट्टी बाजूला काढा. "एकच तर आहे" हा युक्तिवाद स्कॅन केलेल्या स्मरणिकांच्या बाबतीत तरी आम्हाला मान्य नाही.

डिस्का, आणि त्यांच्या तऱ्हा

इथे आम्ही जास्त थांबणार आहोत.

अमेरिकेतल्या एका सभासदाच्या मुलाने येताना आठ-आठ टेराबाइटच्या दोन डिस्का आणल्या. बाहेरून यूएसबीने जोडायच्या पेट्या घेऊन आतल्या डिस्का काढल्या होत्या, तशा त्या स्वस्त पडतात. नव्या यंत्रात त्या फिरतच नव्हत्या. हात लावला तर कंपनसुद्धा नाही. आमच्यातल्या दोघांनी त्या मेल्या म्हणून जाहीर केले.

त्या मेल्या नव्हत्या. साटाच्या वीजजोडणीत पंधरा पिना असतात आणि पहिल्या तीन पूर्वी ३.३ व्होल्टसाठी होत्या. साटाच्या ३.३ क्रमांकाच्या आवृत्तीत तिसऱ्या पिनेला नवे काम दिले गेले, ते म्हणजे तिथे व्होल्टेज आले तर डिस्कने बंद राहायचे. मोठ्या केंद्रांत अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करण्यासाठी ही सोय आहे. जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय तिसऱ्या पिनेवर इमानेइतबारे ३.३ व्होल्ट देत राहतो आणि डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते. उपाय दोन. तिसऱ्या पिनेवर कॅप्टन टेपची बारीक पट्टी चिकटवायची, किंवा चार पिनांच्या मोलेक्स जोडणीतून साटाची वीज घ्यायची, कारण मोलेक्सला ३.३ व्होल्टची तारच नसते. दुसरा उपाय सोपा, पण त्यात एक धोका आहे. प्लास्टिक ओतून एकसंध केलेल्या स्वस्त मोलेक्स-साटा जोडण्यांत तारा आतल्या आत एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणे आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेली जोडणीच घ्यावी. आम्ही टेप लावली.

मॉड्युलर पॉवर सप्लायच्या सुट्या केबलींबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण यात डिस्क खरोखर मरते. केबलचे डिस्केकडचे टोक सर्वत्र सारखे असते, पॉवर सप्लायकडच्या टोकाला कोणतेही ठरलेले माप नाही. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायला बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. कपाटात अशा केबली साठल्या असतील, तर प्रत्येकीवर ती कोणत्या पॉवर सप्लायची आहे ती चिठ्ठी असू द्या. चिठ्ठी नसलेली केबल वापरू नका.

जुन्या बाजारात सास प्रकारच्या डिस्का स्वस्तात मिळतात. सास कंट्रोलरला साटा डिस्क चालते, साटा कंट्रोलरला सास डिस्क चालत नाही. सासच्या जोडणीत मधली फट भरलेली असते, म्हणून साटाची केबल तिला बसतच नाही. ती बसवून देणारे छोटे अडॅप्टर विकले जातात, पण ते केवळ आकार जुळवतात, भाषा जुळवत नाहीत. पैसे वाया जातात.

सास कंट्रोलर लावल्यावरही आमच्या दोन वापरलेल्या डिस्कांचा आकार शून्य दिसत होता. कर्नलच्या नोंदीत कारण होते, सेक्टर ५२० बाइटचा. मोठ्या साठवण यंत्रांत दर ५१२ बाइटमागे आठ बाइट तपासणीसाठी जास्तीचे ठेवतात आणि तिथून निवृत्त झालेल्या डिस्का तशाच बाजारात येतात. लिनक्समधल्या एसजी-फॉरमॅट या साधनाने त्या ५१२च्या करता येतात. त्यावरचे सर्व काही पुसले जाते, कित्येक तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

कंट्रोलरपासून चार डिस्कांकडे जाणारी फाट्यांची केबल दोन प्रकारची असते, कंट्रोलरकडून डिस्कांकडे जाणारी सुलटी आणि बोर्डावरच्या चार साटा तोंडांकडून डिस्कांच्या पाटीकडे जाणारी उलटी. दिसायला तंतोतंत सारख्या, आतल्या तारा वेगळ्या. चारही डिस्का एकदम दिसत नसतील, तर डिस्कांवर संशय घेण्याआधी ही केबल बदलून पाहा.

नवी डिस्क विकत घेताना ती एसएमआर पद्धतीची नाही ना, हे विचारावे. या पद्धतीत डिस्केवरचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. वाचायला ठीक, पण सलग लिहायला लागले की वेग कोसळतो, आणि रेडची पुनर्बांधणी करताना कंट्रोलर कंटाळून तिला बाद ठरवू शकतो. नेटवर्क साठवणीसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्काही या पद्धतीच्या असल्याचे २०२० साली उघड झाले होते, तेव्हा वेष्टनावरच्या शब्दांवर जाऊ नये, मॉडेल क्रमांकावरून तपासावे.

दोन टेराबाइटहून मोठ्या डिस्केला जुनी एमबीआर पद्धतीची विभागणी पुरत नाही, जीपीटी लागते. डिस्क आठची आणि दिसते दोनची, असे झाले तर कारण बहुधा हेच, किंवा फार जुना कंट्रोलर.

वीज

इंदुरात हे वेगळे सांगायला नको. नव्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाची सोय असते आणि तिला चौकोनी लहर देणारे साधे इन्व्हर्टर किंवा स्वस्त यूपीएस मानवत नाहीत. वीज आहे तोवर सर्व ठीक, ती गेली की यूपीएस चालू असूनही सर्व्हर बंद. आम्ही बॅटरी बदलली, तरी तेच. शुद्ध साइन लहरीचा यूपीएस आणल्यावर थांबले. घरगुती इन्व्हर्टरवरच चालवायचे असेल, तर त्यालाही शुद्ध साइन लहर हवी आणि मागचे बटण यूपीएस मोडवर हवे. साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ संगणकाच्या पॉवर सप्लायला सोसवत नाही, तो जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो.

प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची जोडणी यांत १२ व्होल्ट आणि जमीन यांच्या बाजू उलट आहेत. प्लास्टिकचे कोपरे वेगळे असल्याने एकीच्या जागी दुसरी सहज बसत नाही. जोर लावावा लागत असेल तर हात काढून घ्या.

कार्यप्रणालीने भाग नाकारला तर

बायोसमध्ये कंट्रोलर दिसतो, कार्यप्रणालीत दिसत नाही. आमच्याकडे एसएएस २००८ चिपचे जुने कार्ड होते आणि आम्ही रेड हॅट ८च्या कुळातली कार्यप्रणाली घातली होती. रेड हॅटने आठव्या आवृत्तीत या चिपचा आधार काढून टाकला. कार्ड ठणठणीत, बोर्ड ठणठणीत, फक्त ड्रायव्हरच्या यादीत तिचे नाव नाही. एलरेपो या भांडारातून ड्रायव्हर घालता येतो, पण कार्यप्रणालीच्या प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याकडे लक्ष द्यावे लागते. आम्ही डेबियन घातले, तिथे ही चिप चालते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयनेही २०२०च्या सातव्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर बंद केले आणि अनेकांची नेटवर्क कार्डे एका रात्रीत दिसेनाशी झाली. तेव्हा भाग विकत घेण्याआधी बोर्डाची यादी पाहतो तशी कार्यप्रणालीचीही यादी पाहावी.

लिनक्समध्ये तपासणीसाठी एलएसपीसीआय ही आज्ञा एनएनके या पर्यायासह चालवावी. प्रत्येक कार्डाचा ओळखक्रमांक आणि त्याला लागलेला ड्रायव्हर समोर येतो. कार्ड आहे पण ड्रायव्हरची ओळ रिकामी, म्हणजे प्रश्न कार्यप्रणालीचा. कार्डच यादीत नाही, म्हणजे प्रश्न खाचेचा, बायोसचा किंवा कार्डाचा. ही एक आज्ञा आम्ही पहिल्या दिवशी चालवली असती तर चार संध्याकाळी वाचल्या असत्या. खाचेबद्दल एवढेच की लांबीवर विश्वास ठेवू नये. सोळा मार्गांची दिसणारी खाच आत चारच मार्गांनी जोडलेली असू शकते, आणि एम.२ जागा भरली की साटाची एक-दोन तोंडे आपोआप बंद होणारे बोर्ड पुष्कळ आहेत. पुस्तिकेत ते बारीक अक्षरांत दिलेले असते.

जुनी डिस्क लावण्याचा दिवस

नवे यंत्र आठ दिवस अखंड चालल्यावर आम्ही डबा उघडला. जुन्या डिस्का रेड कंट्रोलरवर असतील, तर नवे कार्ड त्यांना परकी रचना म्हणून ओळखते आणि विचारते, आयात करू की साफ करू? साफ करा म्हटले की रचनेची नोंद जाते. विंडोजही अनोळखी डिस्क दिसली की ती इनिशियलाइज करू का म्हणून विचारते. अशा प्रश्नाला "नाही" म्हणून यंत्र बंद करावे आणि माहीतगाराला विचारावे. आमची जोडी सुदैवाने लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची होती, तिला कंट्रोलर कोणता याने फरक पडत नाही. उरलेली डिस्क फक्त वाचनासाठी जोडली, सामग्री उतरवून घेतली, आणि दोन्ही बाजूंच्या प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा काढून जुळवला.

सर्व फाइली जुळल्या, सात सोडून. त्या सातही एकाच व्याख्यानाचे भाग होते आणि जुन्या डिस्केवरच खराब झालेल्या होत्या. त्यांतल्या चार एका सभासदांच्या घरी सीडीवर मिळाल्या, त्या आम्ही घातल्या आहेत. उरलेल्या तीन भागांची प्रत कोणाकडे असेल, तर कृपया ग्रंथालयात आणून द्यावी. जुनी डिस्क त्याच डब्यात, त्याच चिठ्ठीसह, पण आता दुसऱ्या पत्त्यावर ठेवली आहे. कामाची वही ग्रंथालयाच्या टेबलाच्या खणात आहे, कोणत्याही मंडळाला तिची छायाप्रत देऊ.